मोठ्या कंपनीत सिंगल साइन-ऑन बसवायचंय? आधी माणसांची यादी नीट करा

बडोद्याच्या आसपास मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल, कुठल्याही मोठ्या कंपनीत जाऊन बघा, एकाच माणसाकडे मेलचा पासवर्ड वेगळा, ईआरपीचा (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेगळा, पगाराची स्लिप बघायचा वेगळा, रजा टाकायचा वेगळा, सेफ्टी ट्रेनिंगच्या पोर्टलचा वेगळा आणि वरून व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेचा. मग माणूस काय करणार, एकच पासवर्ड सगळीकडे टाकतो नाहीतर डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, आणि त्यासाठी त्याला बोलण्यात काही अर्थ नाही कारण एवढं कोणाच्याच लक्षात राहत नाही. सिंगल साइन-ऑन म्हणजे एसएसओ त्यासाठीच असतं, सकाळी एकदा ओळख पटवायची आणि दिवसभर बाकी सगळं त्याच ओळखीवर उघडतं.

बडोद्यातली आपली बरीच मराठी मंडळी कंपन्यांच्या आयटीत, एचआरमध्ये, अ‍ॅडमिनमध्ये आहेत आणि हल्ली प्रत्येकाला वरून विचारणा होतेय की एसएसओ कधी करताय, म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. सुरुवातीलाच एक सांगते. विकायला येणारा माणूस "एकच पासवर्ड, कर्मचारी खूश" एवढंच सांगतो. ते खरं आहे पण मोठ्या संस्थेसाठी तो फायदा दुय्यम. खरा फायदा आहे माणूस नोकरी सोडून जातो त्या दिवशी. एका जागी खातं बंद केलं की सगळीकडचं लॉगिन बंद झालं पाहिजे. एसएसओ नसेल तर त्या माणसाची खाती कुठे कुठे होती हेच कोणाला धड माहीत नसतं, आयटी मेल बंद करतं, ईआरपीवाले त्यांना कोणी कळवलं तर बंद करतात, आणि व्हेंडर पोर्टलवरचं खातं वर्षानुवर्षं तसंच उघडं राहतं.

हे किती महाग पडू शकतं त्याचं उदाहरण कोयलीच्या रिफायनरीशेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना लगेच कळेल. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन नावाच्या कंपनीची इंधनाची पाइपलाइन सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली. हल्लेखोर आत आले कुठून, तर एका जुन्या व्हीपीएन खात्यातून जे कोणी वापरतच नव्हतं, फक्त बंद करायचं राहून गेलं होतं, आणि त्यावर पासवर्डशिवाय दुसरी कुठलीही तपासणी नव्हती. एक राहून गेलेलं खातं, बस.

हे चालतं कसं

ज्या अ‍ॅपमध्ये जायचंय ते अ‍ॅप तुमचा पासवर्ड विचारतच नाही. ते तुम्हाला कंपनीच्या एका मध्यवर्ती लॉगिन पानाकडे पाठवतं, त्या यंत्रणेला आयडेंटिटी प्रोव्हायडर म्हणतात, सगळे आयडीपीच म्हणतात. तिथे पासवर्ड, ओटीपी जे काय असेल ते होतं आणि आयडीपी डिजिटल सही केलेला एक निरोप अ‍ॅपला देतो की हा माणूस अमुक, मी तपासलाय, आत घ्या. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दिंडीवर एकदा ओळख दिली की आत प्रत्येक बिऱ्हाडाच्या दाराशी पुन्हा कोण कुठला सांगावं लागत नाही, तसंच.

हा निरोप पाठवायच्या दोन पद्धती तुम्हाला रोज भेटतील. एक सॅमल, त्याची २.० आवृत्ती २००५ ची आहे, जुनी पण कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही सगळीकडे चालते. दुसरी ओपनआयडी कनेक्ट, २०१४ ची, मोबाइल अ‍ॅप आणि नव्या वेबसाइटना ती सोपी जाते. नवीन काही बनवत असाल तर दुसरी घ्या, तयार सॉफ्टवेअर असेल तर ते जे देतं ते घ्या, यावर फार वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण फसतात. काही व्हेंडर म्हणतात आमच्याकडे एसएसओ आहे, आणि प्रत्यक्षात ते एवढंच करतात की तुमचा तोच डोमेनचा पासवर्ड त्यांच्या पानावर टाकायचा आणि ते मागे एलडॅपवर, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीशी, तपासून घेतात. पासवर्ड एकच झाला पण तो प्रत्येक अ‍ॅपच्या हातातून जातोय, म्हणजे त्यातलं एक अ‍ॅप जरी फुटलं तरी सगळ्यांचा पासवर्ड गेला. खऱ्या एसएसओत अ‍ॅपला पासवर्ड कधीच दिसत नाही. व्हेंडरला हाच प्रश्न विचारा, पासवर्ड कोणाच्या पानावर टाकायचा? तुमच्या पानावर असं उत्तर आलं तर ते एसएसओ नाही.

तसं बघितलं तर तुम्ही हे आधीच वापरलेलं असेल. सरकारी पोर्टलांवर मेरी पहचान दिसतं, डिजिलॉकरच्या लॉगिनने दुसऱ्या सेवेत जाता येतं, ते देशपातळीवरचं एसएसओच आहे. कॉलेज-विद्यापीठात काम करणाऱ्यांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं इन्फेड आहे, त्यावर संस्थेच्या लॉगिनने घरी बसून जर्नल वाचता येतात.

बाकीचे फायदे पटकन सांगते. आपल्याकडे दिवाळीत कंपनी बंद झाली की लाभपाचमेला उघडते, आणि त्या सकाळी हेल्पडेस्कचा फोन कसा वाजतो ते तिथे बसणाऱ्यालाच माहीत, सगळ्यांचे पासवर्ड सुट्टीत विसरलेले असतात आणि प्रत्येकाचे चार-पाच. एसएसओने तो आकडा एकावर येतो. दुसरं, ओटीपी किंवा अजून पक्की तपासणी तुम्ही एका जागी लावली की सगळ्या अ‍ॅपना ती मिळते, ज्या अ‍ॅपमध्ये ती सोयच नाही त्यालासुद्धा. तिसरं, कोण कधी कुठून आत आलं याची नोंद एका जागी मिळते, आणि हे आता हौसेचं काम राहिलेलं नाही कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. वीस अ‍ॅपचे लॉग वीस जागी असतील तर ६ तासांत तुम्ही काय कळवणार.

आता करायचं कसं

पहिलं काम म्हणजे माणसांची यादी, प्रॉडक्टचा डेमो नंतर. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवा असं सांगेन, महिना लागला तरी लागू द्या. आयडीपीला जे भराल तेच तो सगळीकडे पाठवणार, घाण भरली तर घाण वाटणार.

आपल्या बडोद्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. एकाच माणसाचं नाव एचआरमध्ये आडनाव आधी अशा गुजराती पद्धतीने असतं, पगाराच्या सिस्टिममध्ये नावाला भाई किंवा बेन चिकटवलेलं असतं आणि मेलमध्ये नुसतं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. मराठी आडनावांच्या स्पेलिंगमध्ये कोणी डब्ल्यू लिहितं कोणी व्ही, कोणी शेवटी ए लावतं कोणी नाही. लग्न झाल्यावर मुलीचं नाव बदलतं, मेलचा पत्ता बदलतो, आणि ज्या अ‍ॅपने मेलचा पत्ता हीच ओळख धरलेली असते ते तिला नवीन माणूस समजून कोरं खातं उघडून देतं, तिची मागची सगळी मंजुरी, सगळ्या फायली जुन्या नावावर अडकलेल्या. म्हणून नाव किंवा मेल याला ओळख धरू नका. कर्मचारी क्रमांक धरा, जो कधी बदलत नाही आणि माणूस गेल्यावरही दुसऱ्याला पुन्हा दिला जात नाही. तुमच्याकडे जुने क्रमांक पुन्हा देण्याची पद्धत असेल तर ती आधी थांबवा, नाहीतर नव्या मुलाला निवृत्त मॅनेजरचे अधिकार मिळतील.

मग कंत्राटी माणसं. मोठ्या प्लांटमध्ये गेटच्या आत रोज येणाऱ्यांपैकी कितीतरी जण कंत्राटदाराचे असतात, ते एचआरच्या यादीत नसतातच, पण त्यांना वर्क परमिटच्या सिस्टिममध्ये, स्टोअरमध्ये लॉगिन मात्र दिलेलं असतं. त्यांच्यासाठी वेगळी यादी करा, प्रत्येकासमोर कंपनीतल्या एका जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटची तारीख घाला, तारीख उलटली की खातं आपोआप बंद, हवं असेल तर त्या जबाबदार माणसाने वाढवून मागावं. शिवाय निवृत्त होऊन सल्लागार म्हणून परत आलेले काका, ट्रेनी, ऑडिटला येणारी मुलं, सगळे या दुसऱ्या यादीत. आणि सर्वात महत्त्वाचं, एचआरबरोबर लेखी ठरवून घ्या की माणूस गेल्याची नोंद एचआर त्याच दिवशी करेल. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, झाल्यावर नोंद करायची पद्धत असेल तर तेवढे सगळे दिवस खातं उघडं, मग एसएसओ कितीही महागाचं घ्या.

दुसरं काम अ‍ॅपची यादी. आयटीला विचारू नका, अकाउंट्सला विचारा, कारण जे विकत घेतलंय त्याचं बिल त्यांच्याकडे असतं, डिपार्टमेंटने परस्पर घेतलेली ऑनलाइन सॉफ्टवेअरं तिथेच सापडतात. यादी झाली की तीन गट पडतात. काही अ‍ॅप सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट घेतात, त्यांचं सोपं आहे. काहींमध्ये ती सोय आहे पण फक्त महागड्या प्लॅनमध्ये, आणि हे मला मनापासून खटकतं कारण सुरक्षिततेची गोष्ट चैनीची म्हणून विकायची नसते, पण सध्या बाजार तसाच आहे म्हणून नवीन खरेदी करताना टेंडरमध्येच एसएसओ मूळ किमतीत हवं अशी अट घाला, नंतर घासाघीस होत नाही. तिसरा गट म्हणजे वजनकाट्याचं पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेलं सॉफ्टवेअर, लिहिणारा आता कुठे आहे माहीत नाही. त्याला एसएसओ लावता येणार नाही. ते रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे दुरून उघडायच्या कॉम्प्युटरच्या, मागे ठेवा म्हणजे निदान आत शिरायला एसएसओतून यावं लागेल, तेही जमत नसेल तर एका कागदावर त्याची नोंद करा की माणूस गेला की हे हाताने बंद करायचं. सगळी अ‍ॅप एसएसओत येतीलच हा हट्ट धरून प्रोजेक्ट अडवून ठेवू नका.

आयडीपी कुठला घ्यायचा? कंपनीत मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एन्ट्रा आयडी त्याच्याबरोबर आधीच आलेलं आहे, २०२३ पर्यंत त्याला अ‍ॅझ्युअर एडी म्हणायचे. गुगल वर्कस्पेस असेल तर तेही सॅमलवर दुसऱ्या अ‍ॅपना लॉगिन देऊ शकतं. आधी आहे ते पुरतंय का बघा. फुकट आणि आपल्या हातात हवं असेल तर कीक्लोक आहे, ओपन सोर्स, चांगलं आहे, पण त्याला सांभाळणारी दोन माणसं तरी हवीत, एक रजेवर गेला तर दुसरा. आणि स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर तो सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे ते बघा. विश्वामित्रीचं पाणी २०१९ ला आलं, ऑगस्ट २०२४ ला तर शहराचे कितीतरी भाग दिवसेंदिवस पाण्यात होते. तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये आयडीपी ठेवला आणि तो पाण्यात गेला तर हालोलच्या कोरड्या प्लांटमध्येसुद्धा कोणी लॉगिन करू शकणार नाही. दुसरी प्रत दुसऱ्या जागी चालू हवीच.

यावरून धोक्याकडे येते. एसएसओने सगळं एका ठिकाणी येतं, म्हणून ते एक ठिकाण पक्कं हवं. नुसत्या पासवर्डवर एसएसओ करणार असाल तर नका करू, चोराचं काम सोपं होतं. दुसरी तपासणी पाहिजेच. पण फोनवर नोटिफिकेशन आलं आणि हो दाबलं, एवढ्यावरही थांबू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये तेच झालं, एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती होता, त्याने पुन्हा पुन्हा लॉगिन करून नोटिफिकेशनचा भडिमार केला आणि शेवटी त्या माणसाने एकदा हो दाबलं. स्क्रीनवर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायला लावणारी पद्धत निदान चालू करा.

आणि आपल्याकडची वेगळी अडचण म्हणजे फोनच नसणे. नंदेसरी, रणोलीच्या पट्ट्यातल्या केमिकल प्लांटमध्ये स्फोटाच्या धोक्याच्या भागात साधा फोन नेता येत नाही, बऱ्याच ठिकाणी गेटवरच जमा करावा लागतो. मग कंट्रोल रूममधल्या माणसाला ओटीपी येणार कुठे? बाहेरून आलेले सल्लागार हे प्रेझेंटेशनमध्ये कधीच दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी यूएसबीला लावायची फिडो२ (पासवर्डऐवजी उपकरणाने लॉगिन करायचं मानक) ची किल्ली किंवा स्मार्ट कार्ड घ्या, आणि ते प्लांटच्या सेफ्टीवाल्यांकडून आधी पास करून घ्या. ही किल्ली खोट्या वेबसाइटवर चालतच नाही कारण ती साइटचा पत्ता स्वतः तपासते, म्हणजे माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. अ‍ॅडमिन लोकांना तर हीच द्या, प्लांट असो नसो. शॉप फ्लोअरवर जिथे तीन शिफ्टचे लोक एकाच कॉम्प्युटरवर बसतात तिथे काही मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप लॉगआउट होईल असं ठेवा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टच्या नोंदी पहिल्या शिफ्टच्या माणसाच्या नावावर पडतात आणि काही झालं तर चौकशी भलत्याचीच होते.

पक्की तपासणी लावली की दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती काढून टाका. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ पासूनच सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका असेल तेव्हा लावा. लोक शेवटी आकडा वाढवत बसतात, दुसरं काही होत नाही.

आणीबाणीची खाती विसरू नका. निदान दोन अ‍ॅडमिन खाती अशी ठेवा जी नेहमीच्या एसएसओवर, कोणाच्या फोनवर, कोणा एका माणसावर अवलंबून नाहीत. त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या जागी तिजोरीत, आणि ते खातं वापरलं गेलं की सगळ्या वरिष्ठांना लगेच मेसेज जाईल अशी सोय. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास बंद होतं, आपलं व्हॉट्सअ‍ॅपही गेलं होतं, तेव्हा फेसबुकच्या लॉगिनवर चालणाऱ्या बाहेरच्या साइटवरही लोकांना जाता येत नव्हतं आणि त्यांच्याच कर्मचाऱ्यांची ऑफिसची कार्डं चालत नसल्याच्या बातम्या होत्या. म्हणून गेटचं दार आणि आगीच्या वेळची यंत्रणा एसएसओवर टांगून ठेवू नका.

चालू करताना आधी आयटी स्वतः, मग एखादं छोटं डिपार्टमेंट, मग एक प्लांट. नवरात्रात करू नका, रात्रभर गरबा आणि सकाळी नवीन लॉगिन हे होत नाही, उत्तरायणला सगळे गच्चीवर असतात, आणि मार्च अखेरीला अकाउंट्सच्या वाटेला जाऊ नका. सूचना गुजराती आणि हिंदीत काढा, नुसत्या इंग्रजीत नको, आणि त्यात लॉगिन पानाचा फोटो आणि पत्ता मोठ्या अक्षरात द्या. कंपनीचा पासवर्ड फक्त या एका पानावर टाकायचा, दुसरीकडे कुठे विचारला तर टाकायचा नाही, एवढं एक वाक्य प्रत्येकाच्या डोक्यात बसलं पाहिजे. शिफ्ट बदलताना गेटजवळ दोन जण लॅपटॉप घेऊन उभे करा, मेल वाचत नाहीत ते तिथे विचारतात.

हेल्पडेस्कसाठीही एक नियम लिहून ठेवा. फोनवर कोणी म्हणालं मी अमुक साहेब बोलतोय, माझा फोन हरवला, ओटीपी नवीन नंबरवर लावून द्या, तर लावायचा नाही. साहेब कितीही रागावले तरी. त्यांच्या रिपोर्टिंग मॅनेजरला नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची किंवा प्रत्यक्ष ओळखपत्र बघायचं. आणि हा नियम पाळला म्हणून हेल्पडेस्कच्या पोराला कोणी ओरडणार नाही हे डायरेक्टरच्या सहीने लिहून घ्या, नाहीतर नियम चार दिवस टिकतो.

काही बिघडलं तर आधी या गोष्टी बघा. सर्व्हरची घड्याळं जुळतायत का, कारण तो सहीचा निरोप काही मिनिटांपुरताच चालतो आणि घड्याळ पुढे-मागे असेल तर अ‍ॅप तो नाकारतं. एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सर्ट-इननेही सांगितलंच आहे. एक दिवस अचानक एखादं अ‍ॅप सगळ्यांनाच घेईनासं झालं तर सहीच्या सर्टिफिकेटची मुदत बघा, एन्ट्रामध्ये ती आपोआप ३ वर्षांची असते आणि ३ वर्षांनी ते लावणारा माणूस बहुतेक नोकरी बदलून गेलेला असतो, म्हणून मुदतीचा इशारा एका माणसाच्या मेलवर ठेवू नका, ग्रुपवर ठेवा. एकट्यालाच अडचण येत असेल तर त्याचा ओळख क्रमांक आयडीपी आणि अ‍ॅप दोन्हीकडे तंतोतंत सारखा आहे का बघा. आणि नवीन अ‍ॅप जोडताना पहिल्याच फटक्यात एरर आला तर लॉगिन झाल्यावर आयडीपीकडून अ‍ॅपवर परत यायचा पत्ता एखाद्या अक्षराने चुकलेला असतो, शेवटची तिरकी रेघसुद्धा धरली जाते.

शेवटचं काम बरेच जण करतच नाहीत. एक चाचणीचं खातं बनवा, सगळ्या अ‍ॅपमध्ये त्याने लॉगिन करा, मोबाइलवरही करा, आणि मग आयडीपीत ते खातं बंद करा आणि बघा काय काय अजून चालू आहे. तुम्हाला दिसेल की काही अ‍ॅप तासन्तास चालू राहतात कारण त्यांनी आपलं सेशन, म्हणजे एकदा झालेलं लॉगिन, आपल्याजवळ ठेवलेलं असतं, मोबाइल अ‍ॅप तर कधीकधी कित्येक दिवस. आयडीपी फक्त पुढच्या लॉगिनला नाही म्हणतो, आत बसलेल्याला तो उठवत नाही. त्यासाठी जिथे जमेल तिथे स्किम लावा, २०१५ पासूनचं मानक आहे, त्याने आयडीपीत खातं बंद केलं की अ‍ॅपमधलं खातंही बंद होतं. जमत नाही तिथे सेशनची मुदत कमी करा. आणि प्रत्येक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनं युझरनेम-पासवर्डचं लॉगिन खरंच बंद केलंय का ते डोळ्यांनी बघा, कारण एसएसओ चालू केलं तरी ते मागचं दार तसंच उघडं राहतं आणि गेलेल्या माणसाला त्याचा जुना पासवर्ड आठवतच असतो. तिथे आणीबाणीचं एक अ‍ॅडमिन खातं सोडून बाकी सगळी पासवर्डची खाती काढा. ही चाचणी दर तिमाहीला करा, एचआरचा एक माणूस शेजारी बसवून, आणि त्याच बैठकीत मागच्या तीन महिन्यांत गेलेल्यांची यादी घेऊन आयडीपीशी ताडून बघा.